एकच घे, पण बघून घे

बाळा, कॅमेरा घेऊन वर्ष होत नाही तोवर तुला दुसरी लेन्स सुचायला लागली. सुचू दे, वयच आहे. पैसे बेताचे, फिरणं सातारा-सांगलीत आणि पिशवीत लेन्स एकच ठेवायची, असं तू म्हणतोस ते मला पटलं. तेव्हा आत्याचे कानमंत्र ऐक. क्रमाने ऐकायला हवेत असं काही नाही, फक्त पैसे देण्याआधी ऐक.

१. दुकानात जाण्याआधी आपल्याच जुन्या फोटोंत जा. तुला आवडलेले पन्नासेक फोटो निवड आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थचा आकडा बघ – तुला काय लागतं हे यूट्यूबवाल्यापेक्षा त्या आकड्यांना जास्त माहीत आहे.

२. बरेचसे फोटो कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ किट लेन्सच्या १८ वर असतील तर तुला रुंद हवंय, ५५ वर येऊन अडकले असतील तर लांबचं हवंय, आणि आकडे मधलेच पण फोटो हललेले असतील तर उजेड हवाय – तिन्ही दुखणी वेगळी, औषध विचारून घ्यावं.

३. निवडायला पन्नास फोटोच नसतील तर अजून एक पावसाळा किट लेन्सवर काढ – घाईने आलं ते ओएलएक्सवर गेलं, ही आपल्या घरातली म्हण आहे आणि ती उगीच पडलेली नाही.

४. रक्कम आधी ठरव, लेन्स मग. तुझ्यासाठी मी पंधरा हजार धरते आणि त्यातच हूड, फिल्टर, हवाबंद डबा सगळं आलं – सगळे पैसे काचेत घातले की पहिल्याच पावसात डब्यासाठी बापापुढे हात पसरावा लागतो.

५. तुझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, हे विसरू नकोस. लेन्सवरचा आकडा कॅननला १.६ ने, निकॉन-सोनीला १.५ ने गुणायचा – म्हणजे ५० ची लेन्स तुझ्याकडे ७५-८० होऊन बसते आणि वाड्याच्या चौकात उभा राहिलास की निम्मा वाडा फ्रेमबाहेर.

६. म्हणून "पहिली लेन्स पन्नासचीच" हा सल्ला जसाच्या तसा गिळू नकोस – तो फिल्मच्या काळातल्या फुल फ्रेमवरून आलाय, तुझ्या कॅमेऱ्यावर त्या जागेच्या जवळपास ३५ ची बसते.

७. फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने जवळजवळ सगळी हयात ५० च्या एका लेन्सवर काढली. होमाई व्यारावालांच्या रोलिफ्लेक्सची तर लेन्स बदलताच येत नसे. मोठी माणसं एकीवर भागवत, हे खरंच – पण त्यांना कासच्या पठारावर फुलं न तुडवता उभं राहायचं नव्हतं.

८. "झूम कशाला हवी, दोन पावलं पुढे जा" असं तुला पुष्कळ जण ऐकवतील. त्यांना एकदा आपल्या भागात फिरवून आण – कासला पुढचं पाऊल म्हणजे फुलांवर पाय, लिंबच्या विहिरीवर पुढचं पाऊल म्हणजे थेट पाणी, आणि बावधनच्या बगाड यात्रेत पुढचं पाऊल म्हणजे बैलांच्या पायाखाली.

९. माझं सगळं शहाणपण इथेच आहे, नीट ऐक: पाय जिथे जाऊ नयेत तिथे जाणारी लेन्स घे. बाकी सगळ्या बारीकसारीक गोष्टी.

१०. म्हणून फिरस्त्याला मी १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४० सुचवते. कॅननवर ती फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २९ ते २१६ होते – विहिरीपासून बगाडापर्यंत सगळं त्यात बसतं, आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास राहतं.

११. अर्ध्या किलोच्या फार वर जाऊच नकोस. मोठी काच, मोठा जाच – सज्जनगडाच्या निम्म्या पायऱ्या चढलास की हात कॅमेऱ्याकडे न जाता पाण्याच्या बाटलीकडे जातो.

१२. मात्र तू जर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत रमणारा असशील तर माझी झूम विसर आणि एफ १.८ ची ३५ घे. ते तुला कसं कळणार, तर पहिल्या कानमंत्राच्या आकड्यांवरून.

१३. एफच्या पुढचा आकडा लहान तितका उजेड जास्त. किट लेन्स लांब ओढली की एफ ५.६ वर येते, आणि एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते – तंबोऱ्याचा भोपळा तासणाऱ्याच्या दुकानात खिडकी एकच असते, तिथे हे दहापट कामी येतं.

१४. त्या गल्लीत गेलास तर आधी बस, मग बोल, कॅमेरा सगळ्यांत शेवटी काढ. छताला टांगलेले भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुसा, कारागिराच्या मांडीवर अर्धी झालेली सतार. १८५० च्या आसपास फरीदसाहेब नावाच्या कारागिरापासून चालत आलेलं हे काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची तिथे वर्दळ वाढली असणार – तू त्यांच्यातला आणखी एक होऊ नकोस.

१५. फ्लॅश तिथे नको. पॉलिशचा हात फिरत असतो, नजर तारेवर असते – दचकलेल्या हाताचा ओरखडा तुझ्या फोटोत दिसणार नाही, वाद्यावर राहील.

१६. काढलेल्या फोटोची प्रिंट नेऊन दे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणून नंबर घेऊन गेलेले पुष्कळ – प्रिंट घेऊन परत येणाऱ्याला दुसऱ्या खेपेला चहा मिळतो.

१७. आता निकॉनवाल्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवते. डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी एएफ-डी लेन्स बसते, फोटोही येतो, फक्त फोकस हाताने करावा लागतो – विकणारा हे आपणहून सांगेल अशी आशा धरू नकोस, नावात "एएफ-एस" आहे का ते बघ.

१८. कॅननची ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. पुढे मोठा कॅमेरा घेईन म्हणून आत्ता महागडी लेन्स घेणारे असतात – पुढचं पुढे, आत्ता जी बॉडी हातात आहे तिला जे शोभेल ते घे.

१९. मिररलेस असेल तर जुन्या डीएसएलआरच्या लेन्सा अडॅप्टर लावून चालतात, आणि आज सेकंडहँडला त्याच सगळ्यांत स्वस्त आहेत. पण अडॅप्टरचे पैसेही पंधरा हजारांतच धर – नाहीतर स्वस्त लेन्स महाग पडते.

२०. स्वस्तातल्या बहुतेक मिररलेस बॉडीत हात स्थिर करणारी यंत्रणा नसते. आर ५०, झेड ३०, झेडव्ही-ई १० कुणातच नाही. तेव्हा लेन्सच्या नावात आयएस, व्हीआर किंवा ओएसएस ही अक्षरं शोध – संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावरून खालच्या साताऱ्याचे दिवे टिपताना हात थोडा थरथरतोच, वय कितीही असो.

२१. पण त्या अक्षरांवर फार विसंबू नकोस – ती तुझा हात धरतात, वाऱ्यावर डोलणारं फूल धरत नाहीत.

२२. लेन्सवर एक आकडा कुणी बघत नाही: किती जवळून फोकस होतो. कॅननची २४ ची चपटी लेन्स १६ सेंटीमीटरवरून फोकस करते, निकॉनची ३५ तीसवरून, कॅननची १८-१३५ एकोणचाळीसवरून – कासला जाणाऱ्याने हा आकडा किमतीच्या आधी विचारावा.

२३. कारण कासची फुलं तुला वाटतात तेवढी मोठी नसतात. लांबून जांभळं दिसतं ते सीतेच्या आसवांचं अख्खं शेत असतं आणि त्यातलं एक फूल नखाएवढं. गेंद शर्टाच्या बटणाएवढा. मिकी माऊस तर वाकून बघितल्याशिवाय मिकी माऊस दिसतच नाही.

२४. पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, उंची साधारण बाराशे मीटर, खाली जांभा आणि वर वीतभरही माती नाही. त्या मातीत फुलांचं सगळं आयुष्य दोन-तीन महिन्यांचं – एकदा पाय पडला की त्या जागेचं त्या वर्षाचं काम संपलं.

२५. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं आणि गर्दी दुप्पट झाल्यासारखी वाटते. गर्दीत सगळे उभ्याने खाली कॅमेरा करून काढतात. तू वाटेवरच गुडघे टेक आणि फुलाच्या उंचीवर ये – तेच फूल, पण मागे आभाळ येतं.

२६. वारा थांबायची वाट बघ. थांबतो, मधूनच श्वासभर थांबतो. शटर १/२५० च्या खाली नेऊ नकोस, अ‍ॅपर्चर आठच्या आसपास ठेव आणि आयएसओ वाढला तर वाढू दे – दाणेदार फूल चालतं, हललेलं फूल चालत नाही.

२७. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. ज्या वर्षी फुलेल त्या वर्षी लेन्स नाही म्हणून थांबू नकोस, मोबाइल घेऊन जा – नवी लेन्स पुढच्या महिन्यात येईल, कारवी सात वर्षांनी.

२८. लिंबला बारामोटेच्या विहिरीवर मात्र १८ चं टोक कामाला येतं. साताऱ्याजवळची ही अठराव्या शतकातली विहीर, वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतली. शंभर फुटांच्या वर खोल, आणि मधल्या पुलात चक्क महालाची खोली. भर दुपारी जा – सकाळ-संध्याकाळ ऊन काठावरच अडतं, पाण्यापर्यंत पोचत नाही.

२९. विहिरीवर कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळून ठेव, आणि डोळा कॅमेऱ्यात असताना पाय हलवू नकोस. आधी पाय, मग डोळा.

३०. वाईला ढोल्या गणपतीचा फोटो सगळे समोरून काढतात. तू पलीकडच्या काठावर जा आणि लेन्स लांब ओढून मागची भिंत बघ – पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधलीय, आणि ते समोरून कधीच कळत नाही.

३१. तिथून मेणवली जवळ आहे. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा. "स्वदेस"मुळे घाट सगळ्यांना ओळखीचा झालाय, पण घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना तू ओळखीचा नाहीस – लांबची लेन्स आहे म्हणून लांबून चोरून काढायचं नाही.

३२. हाच नियम वारीत दुप्पट. नीरास्नानाच्या वेळी कॅमेरा पिशवीत राहू दे. पुढे लोणंद-तरडगावच्या मध्ये चांदोबाच्या लिंबाला माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं, तिथे हवा तेवढा काढ – गर्दी तुला जिथे उभं करील तिथूनच काढावं लागतं, आणि त्या वेळी ही झूम तुला वेगळी पुण्याई देते.

३३. तासगावला ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो तेव्हा उलटं. मागे सरकायला जागा नसते, गोपुर सात मजली, दोर ओढणारी माणसं तुझ्या कोपराला लागतात – १८ वर ठेव, कॅमेरा डोक्यावर धर आणि अंदाजाने दाब.

३४. बगाड बघायचं तर रंगपंचमीला बावधनला. १३५ वर ठेवून घराच्या गच्चीवरून बघ, घरधन्याला विचारून – बैल फोटोग्राफर ओळखत नाहीत.

३५. पालीच्या खंडोबाला भंडारा उधळतात तेव्हा लेन्स बदलायचा विचारही मनात आणू नकोस. एक लेन्स असण्याचा खरा फायदा तिथे कळतो – बदलायलाच काही नसतं, त्यामुळे सेन्सरवर हळद बसत नाही.

३६. झूम आत-बाहेर केली की ती हवा ओढते, आणि हवेबरोबर भंडाराही. म्हणून यात्रेत एकच आकडा धरून राहा, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी घाल, पुढे रबरबँड लाव. दिसायला गबाळं दिसतं, लेन्स मात्र दहा वर्षं टिकते.

३७. पक्ष्यांचा नाद या पैशांत नको. मायणीला किंवा सागरेश्वरला गेलास तर दुर्बीण घेऊन जा आणि सुखाने बघ – १३५ मध्ये बगळा ठिपका होतो, हरीण मोठा ठिपका.

३८. आता सेकंडहँड. नवीपेक्षा मला तीच पटते, पण दिवसाउजेडी, स्वतःची बॉडी घेऊन आणि एका भांडखोर मित्राला बरोबर नेऊन. तू लाजाळू आहेस म्हणून हे सांगतेय.

३९. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलची बॅटरी तिरकी मार आणि दुसऱ्या बाजूने आत बघ. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. नमस्कार करून परत ये – किंमत निम्मी केली तरी नको, ती शेजारच्या लेन्सलाही लागू शकते.

४०. आतले धुळीचे चार कण बघून घाबरू नकोस, फोटोत ते दिसत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक चराही चालतो. मागच्या काचेवरचा चालत नाही – तो सेन्सरच्या अगदी जवळ असतो.

४१. वर्तमानपत्राचं उघडं पान भिंतीला चिकटवायला सांग, समोर सरळ उभा राहून पान फ्रेमभर घे आणि चारही कोपरे मोठे करून वाच. एका कोपऱ्यातली छोट्या जाहिरातींची अक्षरं वाचता आली आणि दुसऱ्यातली आली नाहीत, तर लेन्स बहुधा कधीतरी पडलीय.

४२. पडलेली लेन्स आणखी दोन ठिकाणी बोलते: फिल्टरच्या आट्यांवरची पोच आणि मागच्या माउंटच्या स्क्रूंवरचे ओरखडे. स्क्रू खरवडलेले दिसले तर कुणीतरी घरी उघडून बघितलीय.

४३. जवळ, लांब, जवळ, लांब असा फोकस दहाएक वेळा करून घे आणि कान दे. खरखर आली तर सोड. मग झूम लेन्स तोंड खाली करून धर – आपोआप घरंगळत बाहेर आली तर चढणीवर गळ्यात लटकून ती गुडघ्यापर्यंत येईल.

४४. लेन्सचा वास घे. हसू नकोस, घे – कुबट वास आला तर ती कपड्यांच्या कपाटात राहिलीय, आणि बुरशी आज नसली तरी श्रावणात येईल.

४५. नवी घेणार असशील तर पक्कं बिल घे आणि त्यावर सिरियल नंबर घालून घे. बिलाशिवाय दोन-तीन हजार कमी सांगणाऱ्याला हसून नाही म्हण – ते दोन-तीन हजार म्हणजे तुझी वॉरंटी असते.

४६. घरी आणलीस की आपला पाऊस लक्षात ठेव. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि माण-खटाव कोरडं ठणठणीत – एकाच जिल्ह्यात दोन हवा, त्यामुळे माणदेशातल्या मित्राची लेन्स उघड्यावर टिकते म्हणून तुझी टिकेल असं नाही.

४७. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, चामड्याच्या कव्हरात नको, तांदळात तर मुळीच नको. तांदळाचा पिठूर आट्यांत जातो – हा उपाय सांगणाऱ्याने लेन्स कधी उघडून पाहिलेली नसते.

४८. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, मात्र त्यासाठी जुनं भांडं कायमचं वेगळं काढ. आईचा तवा घेतलास तर मला फोन करू नकोस.

४९. सगळ्यांत चांगला डबा म्हणजे वापर. आठवड्यातून एकदा लेन्स उजेडात काढ आणि दोन फोटो काढ – बुरशीला अंधार आणि आळस दोन्ही आवडतात.

५०. पसरणी घाटातून एसी लावून वर गेलास आणि गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा काढलास, तर काचेवर बाष्प धरतं. शेवटची पंधरा मिनिटं एसी बंद कर, पिशवीची चेन उतरल्यावर थोड्या वेळाने उघड – आतल्या काचेवर बाष्प बसलं तर तिथे फडका पोचत नाही.

५१. काच पुसायचा क्रम: आधी फुंकणी, मग ब्रश, शेवटी मऊ कापड. शर्टाचं टोक या यादीत नाही.

५२. हूड कायम लावलेला असू दे. ऊन अडवतो, ठोसेघरचे तुषार अडवतो, आणि आपटली तर आधी तो फुटतो – तो शेकड्यांत मिळतो, लेन्स हजारांत.

५३. फिल्टर एकच घे, पोलरायझर. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी तो काढतो, कृष्णेच्या पाण्यात तळाचे गोटे दाखवतो. पण उजेडही खातो, म्हणून हरिपूरच्या चिंचांच्या सावलीत शिरताना काढून खिशात ठेव.

५४. सांगलीत राहायला गेलास तर जुलै-ऑगस्टमध्ये डबा वरच्या मजल्यावर ठेव. आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना इशारा असतो, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं – डबा हवाबंद असतो, पूरबंद नसतो.

५५. आणि पूर बघायला कॅमेरा घेऊन पुलावर जायचं नाही. त्या दिवशी हात मोकळे हवेत – कुणाच्या घरातलं सामान वर चढवायला दोन माणसं नेहमी कमी पडतात.

५६. ठरत नसेल तर पुण्यात लेन्स भाड्याने मिळते, दोन दिवस घे आणि वाईपर्यंत जाऊन ये – भाड्याचे पैसे फुकट गेले असं वाटलं तरी चुकीची लेन्स गळ्यात पडण्यापेक्षा स्वस्तच.

५७. घेतल्यावर सहा महिने दुसऱ्या लेन्सांचे व्हिडिओ बघू नकोस. हातातली काच डोळ्यात बसायला वेळ लागतो, आणि शेजारची काच नेहमीच जास्त चकाकते.

५८. तर माझं मत एका ओळीत: बाहेर फिरणार असशील तर चांगली तपासलेली सेकंडहँड १८-१३५ किंवा १८-१४०, माणसांत आणि अंधाऱ्या दुकानांत बसणार असशील तर एफ १.८ ची ३५, पन्नासची नको. आणि लेन्स येईल तेव्हा येईल, कासचं ऑनलाइन बुकिंग आधी करून टाक – दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात आणि हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात.